डावा गुडघा

चाळीस वर्षं मागाशी उभा होतो.
आता उजव्या कानात मागाचाच आवाज राहतो,
डाव्यात तोही नाही.

कुत्रं शेठचं. पुण्याला जाताना
ठेवून गेले, वर कागद दिले,
लॅब्रा आहे म्हणून. बापाचं नाव, आजाचं, पणजाचं.
आमच्या घरात कुणाचं एवढं लिहिलेलं नाही.
मी म्हणायला लागलो धोटा.
फेकलं की गेला, गेला की आला,
मधे कुठं थांबणं नाही.

अनुषा म्हणाली, ताता, याला स्पर्धेत उतरवू.
पळायची नाही, चावायची नाही,
नुसती ऐकायची स्पर्धा.
मी तिच्याकडं बघितलं.
ती म्हणाली, त्यानं ऐकायचंय, तू नाही.

पहाटे अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या मागं,
ट्रक वळवतात ती मोकळी जागा.
मी हातानं शिकवलं.
तळहात खाली, बस.
तळहात समोर, थांब.
दोन बोटं छातीशी, ये.
धागा तुटला, कांडी संपली, मालक आला,
सगळं आम्ही असंच बोलायचो
बारा मागांच्या पलीकडून.
त्याला दहा दिवसांत आलं.
मला जॉबरकीला दोन वर्षं लागली होती.

डंबेल महाग. जुन्या लाकडी बॉबिनला
दोन्हीकडं ठोकळे बसवले.
आणायचं, पण चावायचं नाही.
चुकलं तर ओरडायचं नाही, असा नियम.
मी कुठं ओरडतो? मी हळूच बोलतो
आणि शेजारी खिडक्या लावतात.
जमलं की कडक भाकरीचा तुकडा.
ती मोडली की त्याचे कान
पाठीवरनं पुढं येतात.

अनुषा समोर उभी राहून हुकूम सोडायची.
फॉरवर्ड. लेफ्ट टर्न. हॉल्ट.
मी तिचे ओठ वाचायचो.
आणखी कुणी तिचं ऐकतंय
हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

डिसेंबरात होम मैदान.
गड्ड्याचे पाळणे अजून यायचे होते.
फक्कीच्या रेघा, दोऱ्या,
लातूर-विजापूरच्या गाड्या,
शेफर्ड असे की पाणीसुद्धा बाटलीतलं.
परीक्षक बाई हैदराबादच्या, पांढरी टोपी.
त्या माझ्या मागून चालल्या.

सरळ गेलो. वळलो. ऊन बरं होतं.
वीस पावलं, बावीस.
दोरीपलीकडं अनुषा दोन्ही हात हलवत होती,
मला वाटलं, शाबास म्हणतेय.
मग डाव्या गुडघ्याला हवा लागली.

वळून पाहिलं.
धोटा आठ पावलं मागं,
ताठ बसलेला, बाईंच्या शब्दावर.
शेपटीचं टोक तेवढं मातीत हलत होतं.
माझ्याकडं असा बघत होता
जसा मी नव्या पोराकडं बघायचो,
धागा केव्हाच तुटलाय
आणि याचा माग चालूच.

मार्क गेले.
पुढचं बिनचूक झालं. बॉबिन आणलं,
दात न लावता.
ताडपत्रीआड मी तीन मिनिटं उभा,
तो म्हणे जागचा हलला नाही.
चौदांत नववा.
अनुषा रडली, मग भजी खाल्ली.
मी विचारत राहिलो,
बाईंनी कागदावर चूक कुणाची लिहिली असेल?

घरी येताना अशोक चौकाच्या अलीकडं
मी आपला माझ्या नादात, पट्टा सैल,
आणि गुडघ्याशी पुन्हा हवा.

थांबलो.

सुताची पोती भरलेला टेम्पो
मागून कोपराला घासत गेला.
ड्रायव्हर काहीतरी म्हणाला,
ओठ दिसले नाहीत.

खिशात तुकडा एकच उरला होता.
मोडला.
त्यानं ऐकलं.