खारवलेलं

हर्णैच्या बर्फ कारखान्याच्या माडीवर माझं टेबल.
खाली लाद्या फुटतात, वर मी
मच्छीमार सोसायटीचं लिलावाचं ॲप लिहिते.
लॅपटॉपच्या कडांना मीठ चढतं,
फोनवर बोलता बोलता ते नखानं खरवडते.

पहिल्या खेपेला धरूनच चालले होते,
एक माणूस, एक फोन.
फोनचा क्रमांक बघायचा, माणूस ओळखायचा, संपलं.
होडीवर सात खलाशी आणि फोन एकच,
प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर लावून,
ज्याचे हात कोरडे त्याचा तो,
हे कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

मग हरेश्वर पावशांचा फोन जाळं ओढताना गेला.
नवा आणला दापोलीहून, हप्त्यावर.
ॲप म्हणालं : हे उपकरण अनोळखी आहे.
तांडेल जिना चढून आले, स्क्रीन माझ्यापुढे धरली.
"चाळीस वर्सं झाली या बंदरात.
मी खोकलो तरी लिलाववाला भाव थांबवतो.
आणि ह्यो म्हणतो, अनोळखी?"

होडी खरवडून नवा रंग दिला
तरी नाळेवर नंबर जुनाच रंगवतात.
फोनचं तसं नाही. पुसला
की स्वतःलाच विसरतो.

आता ॲप आपली आपण एक चिठ्ठी बनवतं,
फोनच्या आतल्या कुलुपात ठेवतं.
फोन बुडाला तर चिठ्ठी बुडते.
माणूस उरतो.

पण ते दुरुस्त करतानाच, रात्री दीडला,
सर्व्हरची नोंदवही उघडली, जी कुणी वाचत नसतं.
तिच्यात मीच चाचणीपुरती टाकलेली एक ओळ
काढायची राहिली होती :
येईल ते जसंच्या तसं लिही.
एकेचाळीस दिवस लिहीत होती ती, इमानदारीनं.
दोनशे बारा माणसांचे पासवर्ड,
जेटीवर उपड्या केलेल्या टोपलीसारखे.

बघायचं नव्हतं. बघितलं.
बरेचसे एक ते सहा आकडे. होड्यांची नावं.
एकाचं 'सासूमेली', एकटीच हसले.
एकाच्यात शेजारच्या घरातलं नाव,
तेव्हा हसू थांबलं.
आणि रुकय्या मुकादमचा :
एक लांब शब्द, पुढे तारीख,
अजून न आलेली, येत्या मे महिन्यातली.
तो शब्द इथे लिहिणार नाही.

ओळ काढली. वही जाळली, म्हणजे
जशी जाळता येते तशी, बॅकअपसकट.
सगळ्यांना निरोप धाडला :
तांत्रिक कारणास्तव पासवर्ड बदलावा.
नऊ जणांनी बदलला.
'तांत्रिक' हा शब्द अजून
काट्यासारखा घशात आहे.

आता पासवर्ड ठेवत नाही, खारवते.
आत्या पडवीत बांगडे चिरून बसते तसं,
प्रत्येकाला वेगळी चिमूट.
आमच्या धंद्यातही तिला मीठच म्हणतात.
खारवलेला पुन्हा पोहत नाही,
पण दाराशी आलेला तोच का,
एवढं ताडून बघता येतं.

माझं मात्र काय खारवणार?
संध्याकाळी लिलावात रुकय्या पाट्यांवरून वाकते,
सुरमईचे डोळे तपासते, बोली लावते.
मी दुसरीकडे बघते.
माणसाच्या उशीखाली हात घातल्यावर
कुठे बघायचं असतं?

मे आला. ती तारीख आली.
दिवसभर मी काहीही केलं नाही, असं म्हणू.
संध्याकाळी सव्वासातला एक साधी नोंद :
वापरकर्ता क्रमांक एकशे सदतीस,
पासवर्ड बदलला.

खाली बर्फाचा ट्रक लागत होता.
नवा काय ठेवला
मला माहीत नाही.
परत एकदा वाचलं,
मला माहीत नाही.
खिडकी उघडली. सुवर्णदुर्गाकडून वारा,
ओला, खारट.