दुसऱ्या भागाबद्दल

कार्यकारिणीला एका ओळीत हवं आहे:
तिसरा भाग मागवावा की नाही.
एका ओळीत मावेना,
म्हणून मागच्या वर्षीच्या नोंदवहीच्या
पाठकोऱ्या पानांवर लिहिते आहे.

पहिला भाग आला तेव्हा वेंगुर्ल्यात
त्याला वाचनालयात झोपायलाच मिळालं नाही.
या घरातून त्या घरात, दप्तरातून, उशीखालून,
एकदा तर बर्फाच्या कारखान्यातून ओला होऊन परत आला.
फिकट गालांचा, दातांचा, रात्री हिंडणारा तो मुलगा
आणि त्याच्यावर जीव टाकणारी मुलगी.
पुठ्ठा निखळला. दोनदा खळ लावली.

दुसऱ्या भागात तो तिला सोडून जातो.
तिथूनच भांडण सुरू.

हर्षला गिरप, अकरावी, पुस्तक टेबलावर आपटून:
"सहा प्रकरणं नुसती खिडकीत बसते, बाई!
आमच्याकडे बोटी दोन महिने बंद असतात,
तर आई काय खिडकीत बसते?
जाळी शिवते.
हिनं एक गाठसुद्धा मारली नाही."

नॅन्सी फर्नांडिसला तीच सहा प्रकरणं आवडली.
तिचा भाऊ जहाजावर असतो.
"काहीच घडत नाही, तेच खरं आहे," म्हणाली,
आणि मग उगाच
कपाटाच्या काचेवरची धूळ बोटानं पुसत राहिली.

कुमुदिनी सिस्टर, सरकारी दवाखान्यातून निवृत्त,
चष्मा काढून:
"शंभर वर्षं सतराचाच?
म्हणजे शंभर वर्षं अकरावीत. नापास.
आणि त्या पोरीचं हिमोग्लोबिन कुणी तपासलं का?"
पण दंड भरला सिस्टरनी.
आठ दिवस उशीर झाला होता.

सायमाचं म्हणणं, पहिल्यात तो बोलायचा कमी,
बघायचा जास्त. ते बरं होतं.
आता पानपानभर समजावतो,
शाळेतल्या सरांसारखा.

बाबल मेस्त्री पंखा दुरुस्त करायला आले होते,
शिडीवरूनच ऐकत होते. त्यांना राहवेना.
"हो कसलो देवचार?
दात आसत, पण चावना नाय!
आमचो देवचार रातीचो वाट तरी दाखयता."
त्यांनी वाचलेलं नाही, तरी नोंद घेतली आहे.
कारण मुली इतक्या हसल्या
की वर्तमानपत्र वाचणारे अण्णा उठून घरी गेले.

प्रथमेश कुबल काहीच बोलला नाही.
माशांच्या साथीवरच्या पुस्तकाखाली लपवून
तीनदा घेऊन गेला.
तीन वेळा न बोलणं हा कसला अभिप्राय,
कार्यकारिणीनं ठरवावं.

आता माझं.
मी बावन्न वर्षांची आहे,
मला असली पुस्तकं वाचायची नसतात, असं समजलं जातं.
शनिवारी कुलूप लावून आत बसले, वाचलं.
भाषांतर खडबडीत आहे.
लांडगे कशाला आले कळलं नाही.
खिडकीतल्या सहा प्रकरणांत मीही हर्षलासारखी चिडले,
मग नॅन्सीसारखी गप्प झाले,
आणि दोघींपैकी कोण बरोबर, याचा निकाल
मांडवीच्या पुलावरून घरी जाईपर्यंत लागला नाही.

पान दोनशे बारा.
तो परत आलेला, ती विचारते,
मी म्हातारी होईन तेव्हा?
तो उत्तर देत नाही.
तिथे, शिवणीत, एक खवलं होतं.
तांबोशीचं असावं, नखाएवढं,
सुकून कडक झालेलं.
मासे साफ करता करता कुणीतरी थांबलं होतं
याच ओळीवर, ओल्या हातानं.

उजेडात धरलं तर
खवल्यावर बारीक वर्तुळं दिसतात, एकात एक.
माशानं जगलेली वर्षं त्यावरून मोजतात म्हणे.
मी मोजायला लागले, चारनंतर चुकले.

खवलं होतं तिथेच ठेवलं आहे.
पुढच्या वाचकाने झटकू नये.

अभिप्राय: मते जुळत नाहीत.
दोन प्रती मागवाव्यात.