मूळ रंग

शामोकिनच्या बाहेर, बंद वीटभट्टीच्या शेडमध्ये
दर शनिवारी आम्ही सात-आठ जण जमतो.
पगार नाही. डोनट मिळतो,
आणि टिमन्सच्या थर्मासमधलं काहीतरी,
जे त्यांच्या मते कॉफी आहे.

माझ्या वाट्याला आली ३१४ नंबरची ट्राम.
म्हणजे ट्रामचं खोकं.
चाकं, मोटारी कधीच भंगारात गेल्या;
उरलेला सांगाडा कुणा खाणकामगारानं
साठ डॉलरला विकत घेऊन टेकडीवर नेला,
सफरचंदांच्या झाडांखाली विटांवर टेकवला.
आधी माणसं राहिली. मग कोंबड्या.
मग नुसतं गवत.
मग ट्रेलर घेऊन आम्ही.

टिमन्स म्हणाले, मूळ रंगापर्यंत जायचं.
एकोणीसशे अकरा. त्यानंतरचं सगळं कचरा.
तशी मी खरवडत गेले.
वरचा पांढरा, घर झाल्यानंतरचा.
खाली पोपटी, कुणाच्या तरी हौसेचा.
त्याखाली राखाडी,
कंपनी बुडताना काटकसरीनं फासलेला.
आणि जानेवारीतल्या एका सकाळी,
बोटं बधिर, नाक गळतंय,
नखाएवढा तुकडा उघडा पडला.
मी ओरडले, आमसुली!
टिमन्सनी चष्मा पुसून वहीत लिहिलं: मरून.

चाकं बेल्जियमहून आली, दुसऱ्याच ट्रामची.
वेताच्या बैठका विणायला
एक निवृत्त दंतवैद्य शिकला, तीन वर्षांत.
घंटा तेवढी तिची स्वतःची,
कोंबड्यांच्या दाण्यांत पुरलेली सापडली.

ऑक्टोबरात एक बाई आल्या, वॉकर टेकत.
लिओकाडिया शुमस्की. वय सत्त्याऐंशी.
पितळेकडे पाहिलं नाही, घंटेकडे नाही.
सरळ आत, डावीकडे,
तिसऱ्या खिडकीच्या खांबापाशी.
इथे रेघा होत्या, म्हणाल्या,
पेन्सिलीच्या. माझ्या, आणि स्टॅनच्या.
दर ईस्टरला आई पाठ टेकवून उभं करायची.
स्टॅन चौथ्या रेघेच्या वर गेला नाही.

मला त्या रेघा आठवत होत्या.
मला वाटलं होतं, सुताराच्या खुणा.
ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर,
पाच मिनिटं, फार तर सहा.
मी हे बोलले का?
बोलले. नंतर. फाटकापाशी.
त्या म्हणाल्या, पांढरा रंग वडिलांनी लावला होता.
एवढंच.

पण त्याआधी टिमन्सनी,
अकरानंतरचं सगळं कचरा म्हणणाऱ्या टिमन्सनी,
कानामागची पेन्सिल काढून पुढे केली होती.
बाईंनी तळहात खांबावर सपाट ठेवला,
कमरेच्या जरा खाली,
तिथून इंचभर वर, मग पुन्हा खाली.
नको, म्हणाल्या.
माझा हात कापतो.
आईच्या रेघा सरळ होत्या.

मेमध्ये ३१४ धावली,
शेडपासून ओढ्यापर्यंत, चारशे मीटर,
आणि तेवढीच उलटी.
वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात
आमसुली रंग काळा दिसतो.
सगळ्या खांबांना वार्निशचे तीन हात आहेत.
तिसऱ्याला एकही नाही.
वहीत तशी नोंद नाही, कुणी विचारतही नाही.

मी आता तिकिटं फाडते.
कुणाचं पोर त्या खांबाला पाठ लावून
बाहेर बघत उभं राहिलं,
की माझे पैसे मोजायचे चुकतात.
मी बघत असते,
डोकं कुठवर येतंय.