दहा शब्दांपर्यंत एकच दर

आचाओच्या धक्क्यासमोर रेडिओचं ऑफिस,
खिडकीत मी. नोल्बेर्तो बार्रिया, निरोप्या.
पलीकडच्या बेटांवर तेव्हा फोन पोचले नव्हते.
दुपारी दीड वाजता अख्खं आखात
बटाटे सोलायचं थांबून
माझी वाक्यं ऐकायचं.
दहा शब्दांपर्यंत एकच दर, पुढे शब्दागणिक.

लोक बोलत, मी लिहून घेई.
म्हणजे, खरं सांगायचं तर
ते बोलत ते मी लिहीत नसे.
चोवीस वर्षांचा होतो,
टेबलाच्या खणात कादंबरीची एकतीस पानं,
आणि शब्दांना कडक इस्त्री केल्याशिवाय
घराबाहेर सोडायची लाज वाटायची.
"आई गेली" आलं की मी "मातोश्रींचे दुःखद निधन" करायचो.
"गाय व्याली"चं काय करावं ते मात्र सुचायचं नाही.
(जादा शब्दांचे पैसे कधीकधी माझ्या खिशातून.)

एदेल्मिरा कार्कामो मंगळवारी आली,
ओल्या लोकरीचा वास घेऊन.
म्हणाली, लिही:
रुदेसिंदो, काही निघालं नाही रे पोटात.
गुरुवारी होडी आण. मेंढा विकू नकोस.
माझे बूट आण, ते चपटे नाही, दुसरे.

मी लिहिलं:
"आदरणीय पती, वैद्यकीय तपासणीचा अहवाल समाधानकारक असून
गुरुवारी प्रस्थानाची व्यवस्था करावी, ही नम्र विनंती."
मेंढा गाळला. बूटही.
निवेदकाने खर्जात वाचलं.
मी मनात म्हटलं, वा.

शुक्रवारी ती पुन्हा खिडकीशी.
पायात हॉस्पिटलच्या स्लिपर,
ओहोटीचा चिखल घोट्यापर्यंत.
आरडाओरडा नाही.
"चार तास धक्क्यावर उभी होते काल.
आज शेजाऱ्याच्या होडीतून निरोप आला त्याचा.
त्याला वाटलं, दुसरीच कुणी एदेल्मिरा.
म्हणे, माझी बायको असं बोलत नाही.
असं तर पाद्री बोलतो, शवपेटीपाशी."
मग जरा थांबून,
"मेंढा विकला त्याने."

नवा कागद घेतला.
ती बोलत गेली, मी मागोमाग.
जिथे "रे" आला तिथे रे.
जिथे तिने नाक पुसलं तिथे पूर्णविराम.
रुदेसिंदो, मीच आहे. मेले नाही रे.
मेंढ्याचं मग बघते. उद्या भरतीला ये.
बूट, ते दुसरे.
पंधरा शब्द. वरच्या पाचांचे पैसे तिने मोजून ठेवले.
मी परत सरकवले. तिने पुन्हा पुढे केले.

ऑफिसमागच्या खोलीत राहायचो. त्या रात्री
एकतीस पानं शेगडीला मोठ्याने वाचून दाखवली.
नायक सातव्या पानावर भोजन ग्रहण करतो.
माझ्या ओळखीत एकानेही कधी भोजन ग्रहण केलेलं नाही.
आम्ही खातो. शिंपले असले तर बोटं चाटतो.
रुदेसिंदोने विचारलं असतं, हा कोण नोल्बेर्तो?

पानं जाळली वगैरे नाहीत.
मागची बाजू कोरी होती.

भाऊ पुंता आरेनासला. तीन वर्षांत पत्र नाही.
दर वेळी "प्रिय बंधू"पाशी अडायचो.
बापाच्या होडीवरून झालेलं भांडण
"प्रिय बंधू"मधून आत शिरायचं नाही,
दार अरुंद.
मग मी खिडकीच्या बाहेरच्या बाजूला गेलो.
खरोखर गेलो, टोपी घालून, वाऱ्यात.
बंद काचेसमोर उभा राहिलो
आणि आतल्या रिकाम्या खुर्चीला म्हणालो, लिही:

एलिसेओ, होडी विकली नाही मी.
रंग उडालाय. तुझं वल्हं आहे तसंच आहे, आणि मीही
नाही, "मीही" खोड.
वल्हं आहे तसंच आहे.
रविवारी आई एक ताट जास्त मांडते, मग उचलते.
येतोस का?

आत येऊन उतरवून काढलं, विसरायच्या आत.
दहाच्या वर गेलं. जाऊ दे.
फक्त शेवटी एक "रे" घालावा की नाही,
यावर शेगडी विझेपर्यंत बसलो होतो.