डोळा निसटला तिथे

नगादाजवळ कबुतरखान्याचा पाया खणताना
बखूमच्या कुदळीला रांजण लागला.
त्याला वाटलं, सोनं.
निघालं कातडं. पस्तीस पानं, पापडासारखी कडक,
आणि तळाशी वाळलेली एक पाल.

चार महिने ती पानं माझ्या टेबलावर आहेत.
दमट पेटीत ठेवून दिवसाला बोटभर उलगडते,
म्हाताऱ्या माणसाला हात धरून उठवावं, तशी.
घाई केली की तडकतात.

शाईत लोखंड होतं. शाईनेच कातडं खाल्लं.
कित्येक ठिकाणी अक्षर उरलेलं नाही,
अक्षराच्या आकाराचं भोक आहे.
मागे दिवा धरते
आणि उजेड वाचते.

काल बाविसाव्या पानावर
लेखनिकाचा डोळा निसटलेला दिसला.
दोन ओळी एकाच शब्दाने संपतात: पाणी.
पहिल्या पाण्यावरून तो थेट दुसऱ्या पाण्यात उतरला,
मधली ओळ बुडाली.
समासात दुसऱ्याच कुणाचं बारीक अक्षर,
तीच ओळ, वाकडी, खालून वर चढणारी,
आणि शेजारी: भावा, थंडी होती. तुला दोष नाही.

कैरोहून पत्रकार आला होता.
"दमियानाबाई, शब्द न् शब्द खरा आहे का?
हो की नाही, तेवढंच सांगा."
मी म्हटलं, एकतीस जागी फरक सापडला.
त्याने ते लिहून घेतलं.
बहुतेक जागी एखादा स्वर, कुठे एक 'आणि' जास्त,
एकदा 'माझा'च्या जागी 'आमचा',
हे सांगेपर्यंत वही मिटली होती.

त्या 'आमचा'ने मला झोपू दिलं नाही.
चूक म्हणावी,
की कुडकुडत्या खोलीत
एकट्यापुरतं लिहवेना त्याला?

आज घरी आले तर बाबा पंपाचा वॉशर बदलत होते.
त्यांना लिहिता येत नाही. सहीच्या जागी क्रूस काढतात.
पाना फिरवता फिरवता तेच स्तोत्र पुटपुटत होते,
आजोबांच्या मांडीवर ऐकलेलं, कोप्टिकमधलं,
अर्थ विचारलात तर निम्मा सांगतील.
मी चपला न काढता उभी राहिले.
पहिलं पाणी आलं.
मग ती बुडालेली ओळ, धडधाकट, कोरडी ठणठणीत.
मग दुसरं पाणी.

आणि 'आमचा'?
नेमका तिथे पंप सुरू झाला.

"बाबा, तेवढं परत म्हणा."
"आधी बादली लाव," ते म्हणाले.