बर्फाच्या दोन लाद्या

एकोणीस वर्षं मी त्यांची गाडी चालवली.
काळी, रशियन. दार लावलं की
ट्रंकेचं झाकण आपटल्यासारखा आवाज.
दर सोमवारी चारी चाकांची हवा बघायचो,
मग डिकी उघडून स्टेपनीची.
ते मागं उभे राहत.
"हिची कशाला? कधी लागलीय?"
लागत नाही म्हणूनच बसते, सहाय ओनचान.
हसायचे नाहीत. मान हलवून आत बसायचे.

आमच्याकडे पक्षातल्या माणसाला सहाय म्हणतात.
कुणी कुणाला करायचं, ते त्या शब्दात नाही.

देशाचे उपाध्यक्ष. काम असं, की
वियांतियानच्या विमानतळावर अध्यक्षांना निरोप द्यायचा
आणि पाच दिवसांनी त्याच फरशीवर,
डावा पाय त्याच रेघेला लावून, उतरवून घ्यायचं.
अध्यक्ष ज्या मयतांना जात नाहीत
त्यांना जायचं. शोकवहीत सही.
सही मात्र देखणी, मास्तरांची;
मुळात मास्तरच ते, वियेङसायच्या गुहेत
वर बॉम्ब पडत असताना पाढे घेणारे.

भाषणं लिहून यायची.
एकदा सातव्या पानानंतर पाचवं लागलं होतं.
त्यांनी तसंच वाचलं.
टाळ्याही जिथल्या तिथं पडल्या.

मग अध्यक्ष हनोईला, दवाखान्यात.
नऊ दिवस.
रेडिओवर ह्यांच्या नावामागं "प्रभारी" लागलं.
मोठ्या खोलीत ते खुर्चीच्या कडेला बसले,
जणू तिच्यावर कुणी रुमाल टाकून गेलंय.
फायली येत त्या दुसऱ्या इमारतीत ठरूनच.
एक धरणाची होती. सतरा गावं.
सही नको होती, नुसतं "पाहिले" लिहायचं होतं.
त्यांनी पाहिलं.
पुष्कळ वेळ पाहिलं.
मग लिहिलं.

सहाव्या दिवशी फोन वाजला,
ज्याच्यावर कधी कुणी करत नसे तो.
मी दारात होतो, चष्म्याचं घर घेऊन.
बाई इतकी ओरडत होती की मलाही ऐकू येई,
मागं भांडी, कोंबड्या, माणसं:
बर्फ कुठाय? सकाळपासून सांगतेय!
म्हातारा घरात निजवलाय,
पोरगी सावन्नाखेतहून निघालीय,
रात्रीपर्यंत तरी धरला पाहिजे.

राँग नंबर, एवढंच म्हणायचं होतं.
ओठ तसे हललेही.
मग म्हणाले, "किती लाद्या?"
दोन.
"घर?"
विहाराच्या मागं, चाफा आहे तिथं.
"पाठवतो."

एकोणीस वर्षं मी ऐकत आलो होतो:
करण्यात येईल, कळवण्यात येईल,
योग्य वेळी पाठवण्यात येईल.
पाठवतो, हे पहिल्यांदा.

लाद्या मागच्या सीटवर घातल्या,
खाली गोणपाट, वर भुसा.
बॉनेटवरचा झेंडा काढायचा राहिला.
चौकाचौकात पोलिसांनी बर्फाला सलाम ठोकला.
बाईनं पैसे मोजून दिले. घेतले,
न घेतले असते तर तिला संशय आला असता.
वर केळीच्या पानात बांधलेला चिकट भात,
बर्फवाल्यासाठी.
तो त्यांनी टेबलाशी बसून खाल्ला, बोटांनी.
खुर्चीत त्या वेळी मागं रेलून बसले होते.

अध्यक्ष परतले. तीच फरशी, तीच रेघ.
पंधरवड्यानं समितीनं विचारलं:
झेंडा लावलेली गाडी, आत माणूस नाही,
विहारामागच्या वस्तीत. कुणाच्या हुकमानं?
मी बाहेरच्या बाकावर होतो, दार अर्धं उघडं.
"माझ्या."
मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
कागदावर आलं ते एवढंच:
नोंद घेण्यात आली.

सीट आठवडाभर ओली राहिली.
मी दुसऱ्या बाजूचं दार उघडून धरायचो,
ते वळसा घालून ह्याच बाजूनं शिरायचे
आणि ओल्यावरच बसायचे.
त्या सतरा गावांचं मी कधी विचारलं नाही.
गाडी चालवत राहिलो. आरशात
ते खिडकीबाहेर बघत असायचे,
नदीच्या बाजूला.