तीनशे सात

परदेशीपुऱ्यात रात्री साडेअकराला
काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करते,
एंटर दाबते.
अक्षरं भराभर खाली ओघळतात, तुटल्या ताण्यासारखी,
आणि शेवटी लाल शाईत: अमुक पॅकेज नाही.
अमुक आणावं तर त्याला तमुक हवं,
तमुकाला नवं पायथन.
गल्लीत साखरेची वाटी अशीच फिरायची,
ज्या दारात मागावी
ते दार पुढच्या दाराकडे बोट दाखवायचं.

एकदाचं टूल बसलं. पण हाक मारली तर ओ देईना.
कमांड नॉट फाउंड.
म्हणजे अवजार घरात आलंय,
कुठल्या फळीवर आहे ते घरालाच ठाऊक नाही.
पाथ दाखवला.
मग दिली ओ.

काम एवढंच: बंद मिलच्या देण्यांची यादी.
दोनशे सदतीस पानं, पानावर पंचवीस माणसं,
शोधाची चौकट आहे पण आंधळी.
टूलला सांगते, झेंडा नको, मंत्र्यांचा फोटो नको,
सरकती सूचना नको,
फक्त तक्ता आण:
टोकन, नाव, बापाचं नाव, खातं, रक्कम.
ते पान पान सोलत जातं,
हरभऱ्याचे घाटे सोलावेत तसं, न बोलता.

बाबा शेजारी बसलेत.
एकतीस वर्षं साचेखात्यात,
कान तिथेच ठेवून आले.
ओठ वाचतात.
स्क्रीन वाचत नाहीत.

पाच हजार नऊशे अकरा ओळी.
पिंगळे: शून्य.
पिंगले, पिंगल, पिंगला: शून्य.
मी ओठ मिटून बसते,
तेही त्यांनी वाचलं.

'नावाने काय शोधतेस?'
बोलतात म्हणजे ओरडतात, साच्यांच्या वर आवाज काढायची सवय.
'तिथे नाव होतंच कुणाला? तीनशे सात बघ.'

तीनशे सात.
भीकाजी साँवला. पिता: राम.

भिकाजी सावळाराम पिंगळे,
नाव आमचं तीन मजली
आणि फॉर्मला रकाने दोन.
कुण्या बाबूने आजोबा मधोमध कापले,
अर्धे मुलाच्या नावाला जोडले,
अर्धे बापाच्या जागी बसवले.
पिंगळे राहिले फाटकाबाहेर,
भोंगा होऊन गेल्यावर पोचलेल्या माणसासारखे.

बाबांना हसू आवरत नाही.
रक्कम विचारतच नाहीत.
'तीनशे आठ?'
चंपालाल सोनगरा, पिता हीरालाल.
'बरोबर. डावीकडचा. तीनशे नऊ?'
गणपत तुका. पिता: राम.
'तीनशे चौदा?'
विठोबा सखा. पिता: राम.
रामाची मुलं बरीच निघाली रात्रपाळीत,
सगळी एकाच बाबूने जन्माला घातलेली.

मी फाईलला नवा रकाना जोडते, आडनावाचा,
रिकामा,
आणि ते एकेक भरत जातात,
टोकन ओरडून, माणूस ओरडून,
कोण कुठल्या साच्यावर, कोण गेला, कुणाची सून कुठे देते,
बारा वाजलेत, हळू बोला हे ओठांनी सांगायला
ते माझ्याकडे बघत कुठे आहेत.

समोरच्या माडीवर दिवा लागतो.
वाटलं, आता भांडण.
खिडकी उघडते, तसाच मिलचा आवाज,
साच्यांच्या वरचा:
'बेटी, दो सौ बावन भी देख लेना!'